काकांचा अँप, माझा माउस

हैदराबादेत आमच्या काचीगुड्याच्या स्टुडिओत गाण्यांपेक्षा किस्से जास्त रेकॉर्ड झालेत. गाणं निदान कॅसेट भरली की संपतं; किस्सा चहाच्या प्रत्येक फेरीला वाढतो!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि त्यासोबत एक सॉफ्टवेअर. गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरला लावायची, कोरडा आवाज रेकॉर्ड करायचा आणि मग माउसने त्याला हव्या त्या अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याचा, भरदारपणा द्यायचा. मी इलेक्ट्रॉनिक्सची बी.एस्सी., दोन दिवसांत शिकले. मालक मनोहरकाका मात्र तीस वर्षं खऱ्या अँपसमोर माइक लावत आलेले.

"एक महिना बघतो," ते म्हणाले. "नाही पटलं तर कॉम्प्युटरवर कॅसेटची लेबलं टाइप करायची आणि तू फोनवर बसायचं."

फोन उचलायला मी बी.एस्सी. केलं नव्हतं!

*

आमचे गिटारवाले अन्वरभाई नामपल्लीहून यायचे. पहिल्या दिवशी हेडफोनमध्ये कोरडी गिटार ऐकून त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"बेबी, ये गिटार है कि मच्छर?"

मी एक क्लिक केलं. ते ताडकन उभे राहिले. "अरे बाप रे! इत्ता बड़ा अँप कां छुपाके रखे?"

त्या दिवसापासून कॉम्प्युटरला सलाम केल्याशिवाय ते बसत नाहीत.

*

काकांची पद्धत अशी, की अँप वाजताना त्यावर गोधडी टाकायची, म्हणजे आवाज दुसऱ्या माइकमध्ये शिरत नाही. एकदा मी चहा पिऊन येते, तर गोधडी कॉम्प्युटरवर!

"काका, हे काय?"

"आत एवढा मोठा अँप लावलायस ना? आवाज शिरेल की!"

कॉम्प्युटर तापून बंद पडला. "बघ, टिकत नाही तुझं यंत्र!" म्हणून काका मोकळे!

*

खंडेनवमीला काकांनी माइकला, टेपला, अँपला हळदकुंकू वाहिलं आणि कॉम्प्युटरपाशी थांबले.

"यात अँप किती?"

"अठरा."

त्यांनी एकेक अँप स्क्रीनवर आणायला लावला आणि प्रत्येकाला कुंकवाचं बोट टेकवलं. पुढचे पंधरा दिवस मी लाल ठिपक्यांच्या आडून काम केलं!

*

महिना संपला तसा काकांनी सामना लावला. गाणं एकच, गिटारची वायर दोन्हींना जोडलेली. आधी माझा कॉम्प्युटर, मग त्यांचा अँप.

माझा आवाज ऐकून काका म्हणाले, "प्लॅस्टिक!" अन्वरभाईंनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. मला समोर फोन दिसू लागला.

मग काका अँपच्या खोलीत गेले. ते आत असताना कुणी वाजवायचं नाही, कानठळ्या बसतात, हा त्यांचा दंडक. बटण फिरवून बाहेर आले, दार लावलं. "वाजव रे." ऐकलं. "जरा तीक्ष्ण आहे." पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "जवळ आलं." तिसऱ्या खेपेला डोळे मिटून ऐकत राहिले.

"याला म्हणतात अँप! ऊब बघ, ऊब!"

"हौ साब, अब आया मजा!" अन्वरभाई म्हणाले.

मी हरले. अँप बंद करायला आत गेले. अँपचा प्लग जमिनीवर पडला होता. सॉकेटमध्ये टेबल फॅनचा होता. तेव्हा कुठे आठवलं, मिक्सरवर कॉम्प्युटरचा आवाज मी बंदच केला नव्हता; तिन्ही खेपेला वाजला तो कॉम्प्युटरच.

वळले तर मागे काका. त्यांनी प्लगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाकून फॅनचा प्लग काढला, अँपचा लावला.

"अन्वरला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "आणि उद्याचं गाणं तूच कर."