ताजी हवा: चूक की बरोबर?
परवा मुलुंडला रिक्षात बसले होते, वारा फिरला आणि डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा तो आंबूस वास आला. तसा कांजूरमार्गच्या शाळेत मी शिकवायचे तो चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. या वासामुळेच तिथे मी रोज आल्या आल्या खिडक्या लावून घ्यायचे. तेव्हा एआयकडून प्रश्न काढून घ्यायला नुकतीच शिकले होते, उत्तरंही तोच द्यायचा. ‘खिडकी उघडली की ताजी हवा येते, चूक की बरोबर?’ एका मुलीने ‘चूक’ लिहिलं, मी एआयचं उत्तर बघून लाल फुली मारली. ती वही घेऊन टेबलापाशी आली. “बाई, फुली का?” “एआयने दिलंय गं उत्तर, ते कसं चुकेल?” ती वाद घालत बसली नाही, सरळ गेली, कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. अख्ख्या वर्गाने नाक दाबलं. मीही ओढणी तोंडाला लावली. “आता सांगा ना, बाई.” मी सगळ्यांसमोर ती फुली खोडली, पूर्ण गुण दिले आणि त्याच दिवशी एक गोष्ट ठरवून टाकली. प्रश्न मी आजही एआयकडूनच काढून घेते, झकास काढतो तो. पण वर्गात वाटायच्या आधी त्याची उत्तरं स्वतः पडताळते, खिडकी उघडून बघते.