दोन बॉक्सचं एक स्टिअरिंग

स्टिअरिंग आपोआप फिरतं, असं नवऱ्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आधी युनिफॉर्म मशीनमध्ये टाक आणि अंघोळ कर," म्हटलं, "मग काय ते सांग." त्या दिवसांत बाहेरून आलेल्या माणसाशी आमच्या घरात असंच बोललं जायचं. अंघोळ करून तो आला, जेवला आणि झोपून गेला. पुन्हा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आम्ही तेव्हा ऑस्ट्रेलियात, टूवूंबात राहत होतो. त्याआधी सिडनीच्या गिरावीनला होतो, जिथे दूध आणायला गेलं तरी दोन मराठी माणसं भेटायची आणि दोघंही पीआरचं, म्हणजे कायम राहायच्या परवानगीचं, काय झालं ते विचारायची. पीआरसाठीच, मोठ्या शहराबाहेर राहिलं की ते लवकर होतं म्हणून, मग इकडे आलो. माझी आयटीतली नोकरी सिडनीतल्याच पॅरामॅटाच्या ऑफिसची, पण कोविडमुळे ती आमच्या मागच्या बेडरूममध्ये येऊन बसली होती. नवरा नर्स. शहरापासून पन्नास मिनिटांवर एका छोट्या गावात म्हाताऱ्या माणसांचं एज्ड केअर होतं, तिथे तो कामाला होता. दोन वर्षं आमच्या क्वीन्सलँड राज्याने बाहेरच्यांना दार लावून ठेवलं होतं. ते उघडलं आणि बघता बघता कोविड त्याच्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचला. अर्धा स्टाफ आयसोलेशनमध्ये, उरलेले डबल शिफ्ट करत होते. तो घरी यायचा तेव्हा मास्कचा वळ नाकावर तसाच असायचा. कधी जेवता जेवता सांगायचा, आज सहा नंबरची खोली रिकामी झाली. तिथल्या आजींची मुलगी खिडकीबाहेर उभी होती, त्यांच्या कानाला फोन मी धरला होता. एवढं बोलून भात कालवायला लागायचा.

गाडी एकच, तीही जुना यूट, मागे उघडा हौदा असलेला. एका शेतकऱ्याच्या विधवेकडून घेतलेला. त्याचा स्टिअरिंग बॉक्स गळायचा. स्टिअरिंगचा दांडा खाली जिथे संपतो तिथे हा लोखंडी बॉक्स असतो, तोच पुढची चाकं वळवतो. आमच्या बॉक्सचा खालचा भाग झिजून गेला होता आणि रोज सकाळी ड्राइव्हवेवर तेलाचं डबकं. नवीन बॉक्स कुठल्यातरी जहाजात अडकला होता. गॅरेजवाल्याने तीन महिने सांगितले आणि वर 'नो वरीज' म्हणाला. वरीज नसायला त्याचं काय जात होतं.

मी पुण्यात मेकॅनिकल केलंय. म्हणजे सगळे करतात तसं, डिग्री घेतली आणि आयटीत गेले. पण डिग्री अंगातून जात नाही. जुन्या गाड्या तोडून पार्ट विकणाऱ्याच्या यार्डातून मी त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्स आणला. दिसायला तंतोतंत. लावायला गेले तर वरचं तोंड जाड निघालं, आमचा दांडा त्यावर बसेना. मॉडेल तेच, वर्ष वेगळं. शहाण्या माणसाने तो परत नेऊन दिला असता. पण आमच्या घरात चांगली वस्तू टाकत नाहीत. आई दोन विरलेल्या चादरींचे धड भाग कापून एक चादर शिवायची आणि ती पुढे दहा वर्षं चालायची. मी तेच केलं. आमच्या बॉक्सचा वरचा भाग धड होता, यार्डातल्या बॉक्सचा खालचा. दोन्ही उघडले, वरचं आमचं, खालचं यार्डातलं, नवीन सील घातलं, बोल्ट आवळले. तेल गळायचं थांबलं, गाडी वळायला लागली. मी इतकी खूश होते की ऑफिसच्या मीटिंगमध्ये हात काळे असताना कॅमेरा मुद्दाम चालू ठेवला.

त्यानंतर तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात तो स्टिअरिंगचं बोलला. मग पुन्हा एकदा. या वेळी मी ऐकून घेतलं, कारण चहाचा कप त्याच्या हातात तसाच निवत होता. "सायलो मागे पडले की होतं," तो म्हणाला. धान्याच्या त्या उंच टाक्यांनंतर रस्ता सरळसोट आहे, दोन्ही बाजूंना काळी जमीन, एक झाड नाही. "मी धरलेलं असतं गं. तरी ते जातं. हळूच. कुणीतरी माझ्या हातांवर हात ठेवून फिरवल्यासारखं."

मला राग आला. खरं सांगते, भीती नंतर वाटली, आधी राग आला. माझ्या कामाला नाव ठेवतोय असं वाटलं. "तुला डुलकी लागते," मी म्हटलं. "सोळा तास काम करून गाडी चालवतोस आणि स्टिअरिंगला दोष देतोस." त्याने निवलेला चहा सिंकमध्ये ओतला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी यूट घेऊन सायलोपर्यंत जाऊन आले. काही नाही. लोण्यासारखं स्टिअरिंग. घरी येऊन त्याला तसं सुनावलंही.

मग एका रविवारी मी त्याच्या शेजारी बसून गेले. सकाळचे सात वाजले होते. धुकं इतकं की सायलो अर्धेच दिसत होते, वरचे अर्धे नाहीतच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सायलो मागे पडले. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली. "इथे," तो म्हणाला. मी त्याच्या हातांकडे बघत होते. हात हलत नव्हते, स्टिअरिंग हलत नव्हतं, आणि तरी मी दाराचं हँडल धरलं. समोरून धुक्यातून गुरांचा ट्रक आला, दोन ट्रेलरवाला, आणि आमचा यूट हादरवून निघून गेला. तो गेल्यावर नवऱ्याने श्वास सोडला. मी म्हटलं, "बघ, काही झालं नाही." तो म्हणाला, "तू होतीस ना."

सासूबाईंना मी हे सांगायला नको होतं, पण व्हिडिओ कॉलवर त्यांनी त्याचा चेहरा बघितला आणि मला खोदून खोदून विचारलं. "अगं, गाडी कुणाची होती आधी?" म्हणाल्या. शेतकऱ्याची, तो गेला, असं मी सांगितलं. "कसा गेला ते विचारलंस का?" मी म्हटलं, "आई, असं कुणी विचारतं का? दुकानात वस्तू घेताना आपण विचारतो का?" "दुकान वेगळं," त्या म्हणाल्या. "मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून टाक, माझं ऐक." मी नाक मुरडलं, आणि फोन ठेवल्यावर मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन बाहेर गेले. मेकॅनिकल इंजिनिअर बाई यूटच्या बॉनेटवरून सात वेळा मूठ फिरवतेय. एवढं करून मिरच्या गॅसवर टाकल्या तर ठसका लागला नाही. लहानपणी आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर आहे. मी खिडकी उघडी होती म्हणून लागला नसेल असं स्वतःला सांगितलं. खिडकी बंद होती.

त्यानंतर मी त्याच्यावर लक्ष ठेवायला लागले. डबल शिफ्ट नसली की तो दुपारी चारला यायचा. यूट ड्राइव्हवेत शिरल्याचा आवाज यायचा, इंजिन बंद व्हायचं, आणि मग काहीच नाही. दार उघडल्याचा आवाज नाही. मी पडद्याआडून बघायचे. तो बसलेला असायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बंद गाडीत, समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत. कधी दहा मिनिटं, कधी वीस. एकदा मी काच ठोकली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी कोण ते त्याला क्षणभर कळलं नाही. मला रडू फुटलं. हा माणूस एक दिवस घरी येणार नाही, असं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आणि आलं ते जाईना.

कुंपणापलीकडे एक म्हातारा राहायचा. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला, आता रिटायर्ड. नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तो आत झोपलेला असताना, मी म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "बॉक्स कुठला घातलास?" वरचं आमचं आणि खालचं दुसऱ्याचं, हे ऐकून त्याने हातातला चहाचा कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. "पुढची चाकं जॅकवर घे," म्हणाला. "इंजिन चालू कर आणि बाहेर ये. आत कुणी बसायचं नाही."

मी चाकं अधांतरी केली, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग सरळ केलं, चावी फिरवली आणि उतरले. आम्ही दोघं उघड्या दाराशी उभे राहिलो, मास्क लावून, हाताच्या घड्या घालून. लख्ख ऊन होतं. पहिल्यांदा काही झालं नाही. मग स्टिअरिंग किंचित हललं. थांबलं. आणि मग रिकाम्या सीटसमोर ते डावीकडे फिरायला लागलं, अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसाने फिरवावं तसं. पुढची चाकं त्याच्याबरोबर वळत होती. पार टोकाला जाऊन टेकलं तेव्हा स्टिअरिंगला तेलाचा जोर देणारा पंप कण्हला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण बॉक्समध्येच असणार हे कळत असूनही आला.

म्हाताऱ्याने समजावलं ते असं. वरच्या भागात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तेलाचा जोर डावीकडे द्यायचा की उजवीकडे ते तो ठरवतो. तो आणि खालचा स्क्रू फॅक्टरीत एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. मी जोडी फोडली होती, त्यामुळे स्टिअरिंग सरळ असलं तरी व्हॉल्व्हला ते वळलेलं वाटायचं. "तू दोन्ही हातांनी घट्ट धरून चालवत असशील," तो म्हणाला. "मग तुला कळणार नाही." मी तशीच चालवते.

माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. नवरा खरं बोलत होता. त्याच्या डोक्यात काही नव्हतं, ना शेतकऱ्याच्या भुताचं काही होतं. होतं ते माझ्या हातचं, आणि ते दुरुस्त होण्यासारखं होतं. म्हातारा म्हणाला, एका मित्राच्या शेडमध्ये तुमच्या यूटच्याच वर्षाचा अख्खा बॉक्स पडलाय, उद्या बसवू. मी धावत आत गेले आणि नवऱ्याला हलवून उठवलं. "चल बाहेर. मी चुकले. तू बरोबर होतास. चल, दाखवते."

तो टीशर्ट उलटा घालून बाहेर आला. मी स्टिअरिंग पुन्हा सरळ केलं आणि बाजूला झाले. ते हललं, थांबलं, आणि डावीकडे फिरत गेलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता सुटल्यासारखं हसेल म्हणून. तो हसला नाही. स्टिअरिंग टोकाला जाऊन टेकलं तरी बघत राहिला.

"हे मला माहितीये," तो म्हणाला. "हे डावीकडे ओढतं ना, ते पहिल्या दिवसापासून ओढतंय. ते मी धरून ठेवतो, त्याचं काही नाही."

"मग?"

"मी तुला सांगत होतो ते उजवीकडे जायचं."

इतक्या दिवसांत कुठल्या बाजूला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. इथेही गाडी डावीकडून चालवतात. डावीकडे गवत, आणि फार तर कुंपणाची तार. उजवीकडून ट्रक येतात.

म्हाताऱ्याला मराठी कळत नव्हतं, पण आमचे चेहरे कळले असावेत. त्याने आत हात घालून इंजिन बंद केलं, चावी काढून माझ्या हातात दिली आणि कुत्र्याला खायला घालायचंय असं पुटपुटत निघून गेला. त्याच्याकडे कुत्रा नव्हता.

"ट्रक आला की जायचं," नवरा म्हणाला. "दर वेळी नाही. मी फिरवत नव्हतो गं. मी नुसता बघायचो."

मला एरवी कशाचाही राग येतो. त्या वेळी आला नाही. मी त्याच्या एज्ड केअरला फोन लावला आणि तो उद्या येणार नाही, परवाही येणार नाही, कधी येईल ते मी सांगेन, असं त्याच्यासमोरच सांगितलं. त्याने अडवलं नाही. मग डॉक्टरला लावला. होल्डवरचं संगीत वाजत राहिलं. फोन स्पीकरवर ठेवून मी त्याच्या शेजारी ड्राइव्हवेच्या कडेला बसले. त्याने दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"हे धरून ठेव," तो म्हणाला.