भाऊंचं बोट

भाऊंच्या संगणकाची काच कधी स्वच्छ नसायची. सगळीकडे त्यांच्या बोटाचे ठसे. भंडाऱ्यातल्या आमच्या छोट्या वेबसाइट-ऑफिसात पीएचपी या संगणकी भाषेचे जाणकार तेच. कुठल्या पानावर काय दाखवायचं याची अट लिहिण्याआधी टेम्प्लेटांच्या, म्हणजे पानांच्या साच्यांच्या, नावांवर एकेक बोट ठेवून ते पानालाच विचारत, "तू दात्यांचं पान हायेस का? नाही. मंग तातडीचं? नाही. मंग जा बाप्पा." आम्ही हसायचो. त्यांचे वडील आंधळगावला कोसा रेशीम विणायचे. धागा बोटानं तपासायची सवय तिथलीच, असं ते सांगत.

त्यांच्या मुलीला, रेणूला, सिकलसेलचा आजार. सारखं रक्त लागे, म्हणून भाऊंनी रक्तदात्यांची साइट केली. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्षं झाली तरी यादीत तिकडचेही दाते होते. भलतेच लोक दात्या मुलींना फोन करू लागले, तेव्हा नंबर फक्त दोन टेम्प्लेटांवर ठेवायचे ठरले: दात्यांच्या आणि नव्या, तातडीच्या. "माही पोरगी या दोन पानांवर जगून राहिली," ते म्हणाले होते.

रेणूला दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून ती अट मी लिहिली. पान दात्यांचं नसेल किंवा तातडीचं नसेल, तर नंबर लपव. बोट ठेवून एकेक पान विचारलं नाही. मला वाटायचं, ते म्हाताऱ्यांचं काम.

दुपारी भाऊंचा फोन आला. "रेणूचं रक्त लय उतरलं. इथं तिचा गट नाही. साइटवर एकही नंबर दिसून नाही राहिला."

तासभर मी भलतंच तपासत बसले. शेवटी पुन्हा फोन करून तेच म्हणाले, "अट वाच."

मी वाचली.

"पोरी, एक पान एकाच वेळी दोन्ही कसं असन? कोणतंही घे, दोनातलं एक तर ते नसनच. सारेच लपले."

'किंवा'च्या जागी 'आणि' घालून अट सुधारली, नंबर आले. लाखांदूरचा एक दाता मिळेल त्या एसटीनं निघाला. तो पोचला तेव्हा रेणू गेली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. "भाऊ, चूक माझी," एवढंच बोलता आलं.

मग त्यांनी विचारलं, "आता नंबर दिसून राहिले का?"

"हो."

"बोट ठेवून पाह्यलं?"

"हो, भाऊ."

"मंग साइट बंद नको करू. नाकाडोंगरीची एक लहानी पोरगी हाये. तिले सोमवारी रक्त लागते."