नांग्या

उकंडराव रोज सकाळी घरातल्या सगळ्यांच्या चपला उंबऱ्यावर उलट्या आपटायचे. विंचू असला तर निघून जावा म्हणून. पाहुण्यांच्या वहाणाही सुटत नसत.

"पाहुण्याले वाटन, निघा म्हणून राह्यले," त्यांची बायको लिलाबाई म्हणायची.

"वाटू दे. चावला तर काय वाटन?"

अनसिंगच्या शिवारात त्यांचं थोडं रान होतं, कपाशीचं आणि तुरीचं. कपाशी उगवून आली की ओळीत जिथे बी फसलं तिथे रिकामी जागा राहते, तिला नांगी म्हणतात. उकंडराव वाकून एकेक नांगी शोधत आणि तिथे पुन्हा बी टोबत. "शेत बोडकं दिसलं नाही पायजे," एवढंच त्यांचं शेतीचं तत्त्वज्ञान. त्यांचा मुलगा प्रसेनजित हे ऐकतच मोठा झाला.

प्रसेनजित वाशीमच्या एका स्कॅन सेंटरात संगणकाचं सगळं पाहायचा. मशीन छातीचे शेकडो काप टिपायचं, ते मागच्या खोलीतल्या साठवणीच्या डब्यात जायचे आणि नागपूरचे डॉक्टर ते तिथून उघडून अहवाल लिहायचे. डबा आणि संगणक यांच्यात ने-आण करणारा एक छोटा प्रोग्रॅम होता, ड्रायव्हर. प्रत्येक कापासोबत एक ताळा, म्हणजे पडताळणीचा आकडा, असायचा. येताना ताळा जुळला नाही, म्हणजे वाटेत किंवा डब्यात काहीतरी बिघडलं, की ड्रायव्हर तिथेच थांबायचा आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची.

त्या उन्हाळ्यात डबा तापू लागला आणि लाल अक्षरं वाढली. मालक नवा डबा घेईनात. "पेशंट बाहेर बसून राह्यले अन तू मले लाल दाखवतं? माह्या डोळ्याले हे दिसलं नाही पायजे."

प्रसेनजितने ड्रायव्हर उघडला आणि त्यात थोडी भर घातली. ताळा जुळला नाही तर थांबायचं नाही, आधीचाच काप पुन्हा पुढे द्यायचा. शेकडो कापांत दोन-चार सारखे आले तर कोणाला कळणार? लिहिताना त्याला कपाशीची ओळ आठवत होती. लाल अक्षरं थांबली. रविवारी घरी येऊन त्याने बाबांना सांगितलं, आणि उकंडराव पारावर सांगत सुटले, "पोरानं मशिनीच्या नांग्या भरल्या."

दिवाळीनंतर त्यांचा खोकला हटेना. प्रसेनजितने त्यांना आपल्याच सेंटरात आणलं. अहवाल स्वच्छ आला. लिलाबाईने अडुळशाचा काढा सुरू केला. संक्रांतीपर्यंत उकंडरावांचा सदरा खांद्यावरून ओघळू लागला. मग नागपूरला दुसरं स्कॅन झालं. डाव्या फुफ्फुसात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीच्या स्कॅनमध्ये कशी दिसली नाही?"

प्रसेनजित वाशीमला परतला आणि जुने काप एकेक सरकवत गेला. डाव्या बाजूला एका रक्तवाहिनीला फाटा फुटत होता. पुढच्या कापात तोच फाटा, त्याच जागी. त्याच्या पुढच्यातही. त्यानंतर चित्र एकदम हललं आणि कडेला पांढरी पुसट किनार दिसली. गाठीचा तेवढा शेवट. बाकीची गाठ त्यानेच झाकली होती.

बाबा नांगीत नवं बी टाकत. तेही उगवलं नाही तर ती जागा पुन्हा रिकामी दिसे. त्यांनी शेजारचं झाड दाखवून हे इथलंच, असं कधी म्हटलं नव्हतं.

त्याने ती भर काढून टाकली. लाल अक्षरं परतली. मधल्या काळातली सगळी स्कॅन पुन्हा तपासावी लागतील, असं त्याने मालकांना सांगितलं.

"तोंड उघडलं तर तूच फसशीन," मालक म्हणाले.

त्याने तिथूनच अहवाल लिहिणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली होती.

राहिलं होतं एकच. उकंडराव आता डोळे उघडत, पण फार वेळ नाही, आणि त्याला त्यांना सांगायचं होतं. ते गेल्यावर सांगण्याला अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी तो अनसिंगला पोचला तेव्हा दुपार होती. उकंडरावांना धाप लागे म्हणून पंखा जोरात सोडला होता आणि लिलाबाई खाटेच्या पायथ्याशी अंग चोरून, भिंतीला टेकून पेंगत होती. तो उशाशी बसला.

"बाबा, तुमची गाठ तवाच दिसाले पायजे होती. मी भरलेल्या नांगीत ती दबली."

उकंडराव त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं होतं. ओठ दोनदा हलले. प्रसेनजित वाकला, शिवी असो की माफी, ऐकायला तयार होऊन.

"पंखा कमी कर," ते म्हणाले, "तुह्या मायले थंडी वाजून राह्यली."