गाळलेल्या पाण्यातला जीव

कापडाने गाळलेल्या पाण्यात जीव उरतो का, हा प्रश्न ओल्या सुती कापडाचा वास आला की मला आठवतो. नळ येण्यापूर्वी नंदुरबारला मी शाळामास्तर होतो. शेजारच्या जैन व्यापाऱ्याच्या आईचे न गाळलेले पाणी न पिण्याचे व्रत होते. त्यांच्याच तांब्यातला थेंब मी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "मास्तर, मन्हं पानी गाळेल शे, त्यामा काय दिसी?" असे हसत त्यांनी डोळा लावला. थेंबात एक इवलासा जीव झटके देत पोहत होता. मी समजावले, "पायांना सांधे, अंगावर कवच, म्हणजे हा खेकड्याच्या वर्गातला." "डोळा शे का त्याले?" "एकच आहे, माँजी." "मंग स्पर्श, चव, वास आनि डोळा, चार इंद्रियसना जीव! आमनामा अशेच मोजतस." मग हळूच म्हणाल्या, "इतला वरीस मी हाईच पानी पी ऱ्हायनू?" गाळणे उजेडात धरले, तर ते मधोमध विरलेले होते. त्यांनी नवे कापड दुहेरी करून पाणी पुन्हा गाळले आणि माझ्याकडून दहा थेंब तपासून घेतले. एकातही काही हलले नाही. कापडावरचे जीव त्यांनी लोटीत खळबळले, काचेवरचा थेंबही मागून घेतला, आणि उंचावरून ओतायला नको म्हणून, जिथून पाणी आणले त्या बारवेच्या साऱ्या पायऱ्या उतरून ते सारे पाण्यात सोडले. आज मी वर्गीकरण शिकवतो तेव्हा त्यांची इंद्रियांची मोजणीही सांगतो. वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. आपले गाळणे उजेडात धरून स्वतः पाहावे.