तवंदीच्या डोंगरावरचे रविवार

निपाणीच्या मराठी शाळेत मी नोकरीला लागलो तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या पुष्कळ आधीची गोष्ट. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. शाळा सुटली की खोलीवर जायचं, आणि गल्लीभर पसरलेला तंबाखूचा उग्र वास नाकात घेत बसायचं. पहिल्या हिवाळ्यात मला सारखा खोकला येई. तेव्हा चौथीच्या वर्गाचे मास्तर मला म्हणाले, "रविवारी माझ्यासंगं चला. तवंदीचा डोंगर चढून येऊ. छाती मोकळी हुतीय."

हे मास्तर माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले. घरात कानडी बोलत, वर्गात शुद्ध मराठी आणि आमच्याशी निपाणीची मराठी. मी त्यांना अण्णा म्हणू लागलो. ते मला शेवटपर्यंत 'मास्तर' आणि 'तुम्ही' असंच म्हणत राहिले.

बेळगावच्या रस्त्यानं गावातून बाहेर पडलं की तासा-दीड तासात घाट लागतो. आम्ही तांबडं फुटायच्या सुमाराला निघत असू. घाटातल्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, अण्णा दर्शन घेत. मी बाहेर ओट्यावर थांबे. मग मोटारीचा रस्ता सोडून आम्ही गुराखी जातात त्या वाटेनं वर चढत असू. डोंगर काही फार उंच नाही. पण वर गेलं की वारा असा अंगावर येई की टोपी हातात धरावी लागे. खाली निपाणी मूठभर दिसे. तंबाखूची काळपट हिरवी शेतं, उसाचे पट्टे, मधून नदीची वाकडी रेघ, आणि पार मावळतीला सह्याद्रीची निळी रांग. श्रावण सरला की माथ्यावरचं गवत कमरेएवढं वाढे आणि त्यात पिवळी सोनकी फुले. अण्णा त्या गवतातून हात पसरून चालत. वर्गात ते कडक होते, छडीशिवाय कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. डोंगरावर मात्र ते निराळेच होत. कुठला ढग कुठल्या गावावर आहे ते सांगत. कधी कानडीत काही तरी गुणगुणत.

माझा खोकला पहिल्या दोन महिन्यांत गेला. मग मी पोस्टातल्या बाबूंना सांगितलं, त्यांनी वखारीतल्या एका दिवाणजींना सांगितलं, आणि रविवारची आमची चौघांची टोळी झाली. वर गेल्यावर तीन दगड मांडून चहा करायचा, बरोबर आणलेल्या भाकरी खायच्या आणि दुपार कलली की उतरायचं. अण्णा सूर्य बुडाल्यावर जेवत नसत, म्हणून परत यायला कधी उशीर झाला नाही. चूल पेटवायच्या आधी ते पाल्याच्या फांदीनं जागा झाडून घेत. "मुंग्या असत्यात. त्यांचं काय चुकलंय," असं म्हणत. पाणी गाळायला त्यांच्या खिशात धुवट फडकं असे.

अशी चार वर्षं गेली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची चार वर्षं, असं आता म्हणतो. तेव्हा तसं काही वाटत नव्हतं. रविवार आला की डोंगर, एवढंच.

मग एका रविवारी चढताना माझ्या लक्षात आलं, की अण्णांच्या उजव्या पायात पायताण नाही. ते पुढं चालत होते, काही तरी सांगत होते. मी मागं पाहिलं तर वीस-पंचवीस पावलांवर वाटेत ते पडलं होतं.

"अण्णा, पायताण ऱ्हायलं की तुमचं."

त्यांनी पायाकडं पाहिलं. काट्याकुट्यातून ते तेवढं अंतर अनवाणी आले होते. "आयला, व्हय की," म्हणाले आणि हसले. आम्ही सगळेच हसलो. दिवाणजी म्हणाले, "मास्तर बोलायला लागलं की पाय घरी इसरतील." मीही हसलो, पण मला ते हसू तोंडातच कडू लागलं.

त्याचं कारण होतं. माझ्या आईच्या भावाला, माझ्या मामाला महारोग झाला होता. मी लहान असताना त्याला असंच पहिल्यांदा झालं होतं. तो शेतातून आला आणि आईनं विचारलं, पायताण कुठं गेलं? त्याला माहीत नव्हतं. पुढं तो गाव सोडून गेला आणि कुठल्याशा जत्रेत भीक मागताना दिसला, असं ऐकलं. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

मी मनाला समजावलं, की माणूस बोलण्याच्या नादात असतो. पण त्यानंतर मी अण्णांकडं बघायला लागलो. त्यांच्या डाव्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता. तो मी आधीही पाहिला होता, भाजल्याचा असेल असं समजलो होतो. आता ते बाही खाली ओढून बसत की काय, असं मला वाटू लागलं. खरंच ओढत होते की माझाच तो भास, हे मला आजही सांगता येणार नाही.

दोन-तीन महिने गेले असतील. थंडीचे दिवस होते. चुलीवर पितळी तांब्यात चहाचं पाणी उकळत होतं. बाबू तांब्या उतरवायला फडकं शोधत होते. तेवढ्यात अण्णांनी हात घातला, तांब्या काठाला धरून उचलला आणि शांतपणे बाजूला ठेवला.

"हात हाय का घण?" दिवाणजी म्हणाले.

अण्णा म्हणाले, "लई तापलं नव्हतं."

पण पाणी खळखळत होतं. मी त्यांच्या बोटांकडं पाहिलं. कातडी पांढरी पडली होती आणि बघता बघता फोड उठत होते. त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी मूठ मिटली आणि माझ्याकडं नजर टाकली. मी चटकन खाली दरीकडं बघू लागलो. त्यांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्या दिवशी उतरताना आम्ही दोघं शेजारी चाललो नाही.

तेव्हा माझी मुलगी दहा महिन्यांची होती. अण्णा शाळेतून जाताना आमच्या दाराशी थांबत आणि तिला उचलून घेत. ती त्यांच्या मिशा ओढे. त्यांना मूल नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ते आले आणि फडक्यात गुंडाळलेल्या हातानं त्यांनी तिला घेतलं. माझी बायको कौतुकानं बघत उभी होती. मी आतून बघत होतो. ते गेल्यावर मी मुलीला गरम पाण्यानं दोनदा अंघोळ घातली. बायकोनं विचारलं, काय झालं? मी पंचा घेऊन मुलीला पुसत राहिलो.

मी अण्णांच्या घरी जाऊन त्यांना विचारायला हवं होतं. त्यांच्या आळीपर्यंत मी दोनदा गेलो. एकदा वैनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दारात तांदूळ निवडत होत्या. "या की मास्तर, आत हायत," म्हणाल्या. मी काही तरी काम सांगून परत फिरलो. आठवड्याच्या शेवटी मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. माझं नाव येऊ देऊ नका, एवढं मागून घेतलं. हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी चौथीचा हजेरीपट उघडून पाहिला. मग म्हणाले, "वर्गात साठ पोरं आहेत. कळवावं लागेल."

पुढचं सगळं पंधरा दिवसांत झालं. एका सकाळी शाळा भरलेली असताना सरकारी शिपाई कागद घेऊन अण्णांच्या घरी गेला. अण्णा वर्गात होते. कागद वैनींच्या हातात पडला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घेतला. दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं. डॉक्टरनं चट्ट्यावर टाचणी टोचली, ती अण्णांना कळली नाही. त्यांना बेळगावच्या बाहेर, महारोग्यांच्या दवाखान्यात पाठवलं. वैनींचे भाऊ बैलगाडी घेऊन आले आणि त्यांना माहेरी घेऊन गेले. घरमालकानं घराला चुना दिला. शाळेनं चौथीच्या वर्गातल्या बाकड्यांनाही चुना दिला, तो पोरांच्या चड्ड्यांना लागत राहिला.

पुढच्या रविवारी आमच्यापैकी कुणीच डोंगरावर गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबूंनी तो तांब्या मोडीत टाकला. पण मजा अशी, की आमचं बघून गावातल्या इतरांना तोवर चटक लागली होती. वकील, डॉक्टर, तंबाखूचे तरुण व्यापारी, सगळे रविवारी जाऊ लागले. सोनकी फुलली की लोक सर्व्हिस मोटारीनं घाटापर्यंत जात आणि तिथून चढत. सोमवारी शाळेत कुणी ना कुणी मला विचारी, "मास्तर, काल दिसला न्हाईसा?" मी पाय दुखतो म्हणून सांगे.

दीड वर्षानं मी अण्णांना भेटायला गेलो. का गेलो ते धड सांगता येत नाही. झोप लागत नव्हती, हे एक. मोटारीनं बेळगावला उतरलो. टांगेवाला दवाखान्याचं नाव ऐकून अर्ध्या वाटेतच थांबला, तिथून पुढं चालत गेलो. माळावर कौलारू खोल्यांची एक ओळ, एक विहीर आणि कडुनिंबाची झाडं. तिथल्या मदतनिसानं मला झाडाखाली बाकावर बसवलं. मी दूर सरकून बसलो हे पाहून तो म्हणाला, "भिऊ नका. असा घटकाभर बसून लागत न्हाय. वर्षांवर्षं एका घरात ऱ्हाऊनसुद्धा कितिकांना लागत न्हाय."

ते ऐकून मी तिथंच बसून राहिलो.

अण्णा आले. भुवया गेल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी आत वळली होती. माझ्यापासून चार हात लांब, खाली मातीत बसले.

"मास्तर, लई लांब आलासा."

"कसं हाय, अण्णा?"

"कडूकवठीच्या तेलाची सुई देत्यात आठवड्याला. दुखत न्हाय, हेच दुखणं." ते थोडं हसले. "हितं पोरं हायत धा-बारा. त्यांना शिकवतोय."

मग त्यांनी विचारलं, "डोंगरावर जाताय का अजून?"

"व्हय," मी म्हणालो. "दर रविवारी."

"यंदा गवत कसं हाय?"

मी सांगत सुटलो. गवत कमरेएवढं आहे, सोनकी दाट आली आहे, वाऱ्यानं परवा माझी टोपी उडवली. मी दीड वर्षात तिथं पाऊल टाकलं नव्हतं. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच एकदा म्हणाले, "हितनं कायबी दिसत न्हाय हो. सगळा सपाट माळ."

निघताना ते म्हणाले, "एक सांगतो मास्तर. ज्यानं कुणी वर कळवलं, त्यानं वाईट केलं असं मी म्हणत न्हाय. पोरांचा सवाल हुता. पण मला आधी सांगितलं असतं, तर मी आपला आपण गेलो असतो. तिला सोता सांगून गेलो असतो. तिला शेजाऱ्याच्या तोंडनं ऐकावं लागलं."

मी मान हलवली. बोलायची संधी तीच होती. मी धोतर झटकलं आणि मोटार चुकेल म्हणालो.

त्यानंतर त्यांची दोन पत्रं आली. बायको ती घरात घेऊ देईना. मी अंगणात उभा राहून काठीनं धरून वाचली आणि बंबात घातली. दोन्हींत डोंगराची चौकशी होती. पहिल्याला मी खोटंच उत्तर लिहिलं. दुसऱ्याला लिहायचं जमलं नाही. पुढं लढाईच्या दिवसांत, शिक्षकांच्या एका सभेत, कुणी तरी सहज सांगितलं की ते तिकडंच वारले. केव्हा, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं.

एकदा मुलगी मोठी झाल्यावर तिच्या हट्टानं मी तिला घेऊन तवंदीला गेलो. बस्तीपर्यंत गेलो. वरून माणसांचे आवाज येत होते, कुणी तरी गात होतं. मी तिला शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर वर पाठवलं आणि ओट्यावर बसून राहिलो. ती खाली आली तेव्हा फुलं घेऊन आली होती. एवढा सुंदर डोंगर आणि तुम्ही येत का नाही, म्हणून ती परतीच्या वाटेवर भांडत राहिली.

लढाई संपल्यावरच्या वर्षी मी शाळेच्या पुस्तकांसाठी बेळगावला गेलो होतो. खडेबाजारात गर्दीत कुणी तरी हाक मारली. वळून बघतो तर वैनी. कपाळ मोकळं, केस पांढरे, हातात दोरी बांधलेली एक पिशवी. भावांनी गोठ्याशेजारची खोली दिली आहे, म्हणाल्या. ताट-वाटी अजून वेगळी ठेवतात. त्यांना स्वतःला काहीच झालेलं नव्हतं.

"तुम्ही एकटंच भेटाय गेलासा त्यांना," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगावा धाडला हुता. मास्तर येऊन गेलं म्हणून लई आनंद झाला हुता त्यांना."

लोक आम्हाला धक्के देत पुढं जात होते.

"मास्तर, एक इचारू? त्या वक्ताला कुणी कळवलं हो? तुम्ही शाळंतच हुता. तुमास्नी ठावं असंल."

"न्हाय वैनी," मी म्हणालो. "मला ठाऊक न्हाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं जरा वेळ पाहिलं. मग, "असू दे. आता काय करायचंय," म्हणाल्या, मुलीची खुशाली विचारली आणि चिकोडीची मोटार गाठायची म्हणून पदर सावरत गर्दीतून निघून गेल्या. मी पुस्तकांच्या दुकानाकडं वळलो.