पेठ रोडवरचा नमस्कार

प्रिय जुई आणि अनिकेत,

आजोबांची शोकसभा तुम्ही दोघांनी तिकडे पहाटे उठून फोनवर पाहिलीत. त्यात पोलीस खात्यातले एक अधिकारी बोलले, आजोबांचे जुने विद्यार्थी. अपघातानंतर सरांनी स्वतःहून "चूक माझी लिही" असं सांगितलं, आणि सरांबद्दलचा आदर एवढा की समोरच्या माणसाने तक्रारसुद्धा केली नाही, असं ते म्हणाले. सभागृहात लोकांनी माना डोलावल्या. जुई, तुझा मेसेज लगेच आला, आजोबा ग्रेट होते म्हणून. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला मान वर करवेना. आजोबांना जाऊन आता महिना होऊन गेला, आणि तुमच्याजवळ ती गोष्ट त्या रूपात राहू नये असं मला वाटतं. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते.

तुम्ही परदेशी गेल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघं पेठ रोडने निघालो होतो, गाडी आजोबा चालवत होते. उजव्या हाताला पेट्रोल पंप दिसला आणि त्यांनी मागे न बघता, इंडिकेटर न देता गाडी तिकडे वळवली. मागून मोटरसायकलवर एक जोडपं येत होतं. ते आमच्या दारावर आदळलं. काशिनाथ त्याचं नाव. पेठकडच्या एका पाड्यावरचा, द्राक्षबागेतलं काम आटोपून बायकोसह घरी निघालेला. त्याचा पाय गाडीखाली सापडला. त्याची बायको सुमन कोपरं सोलपटून बाजूला पडली होती, पण उठली ती थेट आजोबांच्या अंगावर आली.

"डोळे फुटले का रे म्हाताऱ्या? वळायचं तं हात दाखवता येत नाय? त्याचा पाय गेला तं तू येशील का माझ्या घरी राबायला?"

आजोबा तिच्यासमोर हात जोडून उभे होते. लोक जमले, कोणीतरी टेम्पो थांबवला, काशिनाथचं डोकं मांडीवर घेऊन ती रस्त्यातच बसली आणि तिथूनही तिचं बोलणं चालू होतं. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. फौजदार खाली उतरले ते दरडावतच, "कोण चालवत होतं गाडी?" आजोबा पुढे झाले. फौजदारांनी त्यांच्याकडे पाहिलं, टोपी काढून काखेत धरली, "सर, तुम्ही?" म्हणाले आणि त्या भर रस्त्यात, काचांच्या तुकड्यांत, वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

आजोबा घाईने मागे सरकले. "संदीप, इथे नको," म्हणाले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. आपला माणूस आला, असं वाटलं... मग माझी नजर सुमनकडे गेली. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला होता आणि ती खाली बघत होती. त्यानंतर तिने एक शब्द उच्चारला नाही.

संदीपने कामात काही कमी केलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. काशिनाथला आधी सिव्हिल हॉस्पिटलला रवाना केलं. रस्त्यावर खडूने खुणा केल्या, टेप लावून अंतर मोजलं, पंपावरच्या दोघांना पंच म्हणून बोलावून पंचनामा केला. आजोबा म्हणाले तसा त्यांचा जबाब लिहून घेतला, चूक माझी, मी न बघता वळलो. दुसऱ्या दिवशी एक हवालदार हॉस्पिटलात काशिनाथचा जबाब घ्यायला गेला. काशिनाथने सांगितलं, मी वेगात होतो, मीच घसरलो, कोणाबद्दल तक्रार नाही.

आजोबा पोलीस स्टेशनला गेले. मीही बरोबर होते. ते आत शिरताच संदीप खुर्चीवरून उठला आणि बाकावर बसलेल्या लोकांनी आमच्याकडे पाहिलं. "तू बस, मला उभं राहू दे," आजोबा म्हणाले.

"सर, तुम्ही उभे असताना मला बसताच येत नाही."

"अरे, तो खोटं सांगतोय. त्याचा जबाब परत घे."

"सर, आरोपी म्हणतो मी चुकलो आणि जखमी म्हणतो मीच पडलो. अशी केस मी अजून पाहिली नाही. दोन्ही कागद लावतो. पण त्याने तोंड उघडलं नाही तर त्याला भरपाई कशी मिळणार?"

तेच आजोबांना खात होतं. हॉस्पिटलचा खर्च त्यांनी केला होता, पण त्या माणसांना तो उपकार वाटत होता. हक्काचं जे होतं ते मागायला ती तयार नव्हती. आम्ही वॉर्डात गेलो. काशिनाथ डोळे मिटून पडला होता. सुमन लगबगीने उठली आणि स्टूल पुढे केलं.

"बसा साहेब."

"सुमनबाई, त्या दिवशी रस्त्यावर तुम्ही मला जे बोललात, तेच पोलिसांना सांगा. त्यात एक शब्द खोटा नव्हता."

"मी काय बोलले? मी नाय बोलले काय."

"म्हाताऱ्या म्हणालात. डोळे फुटले का म्हणालात."

ती रडकुंडीला आली. "नाय वो साहेब, माझ्या तोंडात नाय तसला शब्द. तुम्ही मोठी माणसं. रस्ताच तसा हाय, तुमची काय चूक नाय." आणि ती वाकली, आजोबांच्या पायांकडे. आजोबा जे बाहेर पडले ते जिन्यापर्यंत थांबले नाहीत. जिन्यावर मला म्हणाले, "खरं बोलणारी एकच होती तिथे... आणि ती माझ्यामुळे गप्प झाली."

पुढे ते दोनदा त्या पाड्यावर जाऊन आले. घोंगडी अंथरून त्यांना बसवलं, नागलीची भाकरी वाढली. कोर्टाचं नाव काढलं की काशिनाथ हसायचा आणि भाताच्या पिकाचं बोलायला लागायचा. ती माणसं कोर्टात आलीच नाहीत. भरपाईचा अर्ज झालाच नाही. त्यालाच शोकसभेत व्यासपीठावरून आदर म्हटलं गेलं. भाषण संपवून संदीप खाली आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो चांगला मुलगा आहे. रस्त्यावरच्या त्या नमस्काराने काय झालं, हे त्याला आजही कळलेलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आजोबांनी नंतर गाडी विकली. आम्ही रिक्षाने फिरायचो आणि उजवं वळण आलं की हे मागच्या सीटवरून हात बाहेर काढायचे. "बाबा, हात आत घ्या, कुठंतरी लागंल," रिक्षावाले हसायचे. परवा बँकेत जाताना वळणावर माझाच हात बाहेर गेला.

आजोबा गेले. काशिनाथ आहे, चालताना त्याचा उजवा पाय ओढला जातो. आणि पोलिसांच्या कागदावर तो आजही स्वतःच घसरून पडलेला आहे.

तुमची,
आजी